शोभेचं कॉलेज

परचुऱ्यांनी मला फसवलं. डोंबिवली पूर्वेला चौकशी केलीत तर याच्या नेमकं उलटं ऐकाल, की घागबाईंनी, म्हणजे मी, परचुऱ्यांच्या मुलीच्या प्रवेशाचा घोळ केला, बिचाऱ्यांना फसवलं. ते खोटं आहे. परचुरे हे नाव मी बदलून लिहिते आहे, पण ज्याचं आहे त्याला कळेल.

संपादकांनी मला विषय दिला होता तो वेगळाच. नाव असलेली, पण प्रवेश घेताना नाकी नऊ आणणार नाहीत अशी कॉलेजं कशी शोधावीत, यावर लिहा म्हणाले. “आणि चार-पाच नावं द्याच. वाचकांना उपयोग होईल.” मी म्हटलं, नावं देणार नाही. चांगलं कॉलेज सोपं राहतं ते लोकांना ठाऊक नसतं तोवरच. तुमच्या अंकात छापून आलं की पुढच्या वर्षी तिथे रांग, त्याच्या पुढच्या वर्षी वशिला, आणि मी पुन्हा उन्हातान्हात नवीन कॉलेज शोधत फिरायचं. “मग कसं शोधायचं एवढं तरी लिहा,” ते म्हणाले. ते लिहिते. त्यात गुपित काही नाही, पायपीट आहे. पायपीट कोणालाच नको असते, म्हणून माझं घर चालतं.

मी ठाण्याची. वडील एसटीत कंडक्टर, खोपट डेपोला. गाव चिपळूणजवळ. बारावी झाल्यावर डेपोजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात कामाला लागले. पोरं कॉलेजचे फॉर्म घेऊन यायची, भलत्या रकान्यात बापाचं नाव लिहायची आणि काउंटरवर रडायची. मी त्यांचे फॉर्म भरून द्यायला लागले. बी.कॉम. तिथेच, मशिनच्या आवाजात वाचून केलं. पुढे फॉर्म ऑनलाइन गेले आणि पोरांच्या जागी पालक रडायला लागले. तेव्हा मी डोंबिवलीत एक गाळा घेतला आणि बाहेर पाटी लावली, ‘प्रवेश मार्गदर्शन’. काही लोकांना वाटतं मी कॉलेजांची दलाल आहे. कोणत्याही कॉलेजकडून मी आजवर चहापलीकडे काही घेतलेलं नाही, आणि बऱ्याच कॉलेजांचा चहाही घेण्यासारखा नसतो.

हा धंदा म्हणजे भाव करणं. लहानपणी आईबरोबर जांभळी नाक्याला भाजी आणायला जायचे, तेव्हा शिकले. विकणारा वरून बोलतो, घेणारा खालून, आणि शिवीगाळ न होता दोघं जिथे भेटतात तो भाव. माझ्याकडे पालक वरून बोलतात. ठाण्याचे एक गृहस्थ आले होते, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं.

“आमच्याकडे सगळे त्याच कॉलेजातले. वडील, काका, मोठा भाऊ, मी.”

“मुलाला पर्सेंटाइल किती?”

“ते बघू नंतर.”

“बरं. मग वडील, काका, भाऊ आणि तुम्ही, सगळ्यांचे मिळून भरू या का?”

ते उठून गेले. दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन आले. बायको सोबत आली की भाव जमायला लागतो, असा माझा अनुभव आहे. माझा आवाज मोठा आहे आणि राग त्याहून मोठा. प्रवेशाच्या दिवसांत शेजारचा चष्म्याचा दुकानदार दार लावून बसतो. पण माझ्याकडून रडत गेलेला पालक परत येतो आणि येताना मेहुण्यालाही आणतो.

ज्यांच्या घरात या वयाचं मूल नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेतलं पर्सेंटाइल म्हणजे मुलाला किती मार्क पडले ते नव्हे, शंभरातली किती मुलं त्याच्या मागे राहिली ते. कट-ऑफ म्हणजे गेल्या वर्षी एखाद्या कॉलेजच्या एखाद्या शाखेत शेवटचा जो शिरला त्याचा आकडा. म्हणजे लोकांनी काय मागितलं ते कट-ऑफ सांगतो. आत काय शिकवतात ते सांगत नाही. या दोन गोष्टींच्या मधे जी फट आहे, तिच्यात माझा गाळा आहे.

ती फट आमच्याकडे सगळ्यात मोठी कुठे सापडते माहीत आहे? कल्याणच्या पुढे. डोंबिवलीच्या पालकाच्या डोक्यात होकायंत्र असतं आणि त्याचा काटा दादरकडे असतो. चांगलं ते सगळं त्या बाजूला. उलट्या दिशेचं नाव काढलं की चेहरे असे होतात, जसं काही मी मुलाला सीमेवर पाठवते आहे. एका बाईंनी मला अगदी मनापासून विचारलं होतं, “कल्याणच्या पुढे? म्हणजे डबा द्यावा लागेल का हो?” मी म्हटलं, दादरला काय पंगत बसते? पण बाईंचंही चुकलं नाही. सगळे जिकडे जातात तिकडेच काहीतरी असणार, असं माणसाला वाटतं. म्हणूनच उलट्या दिशेला चांगल्या शाखा कमी आकड्यात पडून असतात, आणि मी त्या वेचत फिरते.

कॉलेज बघायला मी कधीही त्यांनी बोलावलेल्या दिवशी जात नाही. त्या दिवशी फुगे लावलेले असतात. मधल्या वारी, जेवणानंतर, पेंगायच्या वेळेला जाते. आधी स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्याला विचारते की मास्तर लोक घरी कधी जातात. दुपारीच जातात म्हणाला तर तिथूनच परत. मग कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे. तो माझा जातभाई, तो खोटं बोलत नाही. परीक्षेच्या आधी नुसते आयत्या उत्तरांचे गठ्ठे निघत असतील तर आत शिकवणं बेताचंच. मग आत. यंत्रांवर धूळ असली तर वाईट. यंत्रांवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नसलं तर त्याहून वाईट. तेलाचे डाग दिसले, कोणीतरी पान्याचं हँडल चिंधीनं बांधलेलं दिसलं, तर मी खुर्ची ओढून बसते. मुलींच्या स्वच्छतागृहात जाऊन येते. तिथे नळाला पाणी असलं तर प्राचार्यांना भेटण्यात अर्थ असतो.

असं एक कॉलेज मला खडवलीच्या बाजूला सापडलं. नाव विचारू नका. स्टेशनवरून शेअर रिक्षा, मग थोडं चालणं. सिव्हिलची शाखा अशी की मी दोन तास तिथून हलले नाही. मुलं स्वतः काँक्रीट कालवून त्याचे ठोकळे पाडत होती. त्या ठोकळ्यांना ते क्यूब म्हणतात. क्यूबवर स्वतःचं नाव टाकायचं, पाण्यात ठेवायचा आणि ठरल्या दिवशी यंत्राखाली फोडून बघायचं की किती भार सोसला. ज्याचा लवकर फुटेल त्यानं सगळ्यांना वडापाव. ही शिक्षा प्राचार्य भोईर सरांनी घालून दिलेली. भोईर सर तिथल्याच पंचक्रोशीतले, बाहेर नोकऱ्या करून परत आलेले. त्यांच्या सिव्हिलला मात्र दरवर्षी जागा उरायच्या, कारण सगळ्या जगाला कॉम्प्युटर हवा आणि दादरच्या दिशेला हवा.

परचुरे माझ्याकडे आले ते याच उन्हाळ्यात. बँकेतले अधिकारी, बोलणं हळू, शब्द तोलून. सोबत मुलगी मुक्ता. मुक्ताला पर्सेंटाइल मध्यम. बापाला हवं होतं मुंबईतलं एक जुनं, मोठ्या नावाचं कॉलेज. मुक्ताला हवं होतं सिव्हिल.

“सिव्हिल का गं?” मी विचारलं.

“आमच्याकडचे पूल बघितलेत ना? वर्षानुवर्षं अर्धेच. मला एक पूर्ण झालेला बघायचाय.”

परचुरे हसले. “हे असं आहे बघा मॅडम. लहान आहे अजून.”

“लहान नाही. कंत्राटदारापेक्षा मोठी आहे,” मी म्हटलं.

आमचे भाव झाले. ते वरून बोलले, मी खालून. शेवटी मी म्हटलं, एक दिवस मुलीला माझ्याबरोबर पाठवा, काही दाखवते. वहिनींनी, म्हणजे परचुऱ्यांच्या बायकोनं, डबा दिला. खडवलीच्या कॉलेजच्या गेटवरच्या बाई मला ओळखतात. “आलीस गो बाय परत?” म्हणाल्या आणि सोडलं. आत क्यूब फोडणं चाललं होतं. यंत्राचा काटा चढत गेला, चढत गेला, आणि क्यूब कडकन फुटला. मुक्ता दचकली नाही. ती त्या मुलांना म्हणाली, “अजून एक आहे का?” एकानं त्याचा क्यूब पुढे केला. “हा घे, तूच फोड. लवकर फुटला तर वडापाव माझ्याकडून, नाहीतर तुझ्याकडून.” क्यूब बराच वेळ टिकला. मुक्तानं सगळ्यांना वडापाव दिले. परत येताना, डोंबिवलीला उतरता उतरता ती म्हणाली, “काकू, इथेच.”

आता माझी एक युक्ती सांगते, कारण सगळं त्यावरच अडलं. अर्ज भरताना मुलांना कॉलेजांचा पसंतीक्रम द्यावा लागतो. सगळ्यात हवं ते वर, मग त्याखालचं. आणि आमच्याकडे जिन्यात, लिफ्टमध्ये, हळदीकुंकवाला एकच प्रश्न विचारतात, “पहिलं कोणतं टाकलंत?” तिथे खडवलीच्या बाजूचं नाव सांगायला आईबापांची जीभ रेटत नाही. म्हणून मी वर एक शोभेचं कॉलेज ठेवते. मोठं नाव, आणि त्यातली सगळ्यात अवघड शाखा, जी या मुलाला सात जन्मांत लागणार नाही. खरी पसंती दुसऱ्या ओळीपासून. मग पालक सुखाने सांगतात, “पहिलं ते टाकलं होतं, थोडक्यात हुकलं.” काही जण त्याहून पुढे जातात. “मिळत होतं हो, आम्हीच सोडलं. लांब पडतं.” या एका वाक्यावर डोंबिवलीतले निम्मे संसार ताठ मानेने उभे आहेत. ही युक्ती मी अनेकांना दिली आणि आजवर एकालाही त्रास झाला नाही. कारण शोभेची शाखा मी निवडते. ती अशक्य असायलाच हवी. अर्धवट अशक्य चालत नाही.

याचं कारण एक नियम आहे. पहिल्या क्रमांकावर लिहिलेली जागा तुम्हाला जागावाटपाच्या पहिल्याच फेरीत लागली, तर सरकार म्हणतं, मागितलंत ते दिलं, आता बाजूला व्हा. पुढच्या फेऱ्यांत तुम्हाला उभं करत नाहीत. हे मी परचुऱ्यांना त्या दिवशी नीट समजावून सांगितलं होतं. ते मान डोलावत होते. बँकेतला माणूस मान डोलावतो तेव्हा त्याला कळलेलं असतं असं मी धरून चालले.

पहिली फेरी लागली त्या दिवशी त्यांचा फोन आला.

“मॅडम, लागलं.”

“कुठे?”

“पहिलंच. आमचं वरचं.”

मला हसू आलं. “साहेब, परत बघा. चष्मा लावून बघा.”

“लावलाय. आता तुम्हाला सांगायला हरकत नाही. तुम्ही ठेवलेली शाखा मी शेवटच्या दिवशी काढली. त्या कॉलेजात, या मार्कांना, कॉम्प्युटर? कोणाला पटणार हो? लोक हसले असते. म्हणून त्याच कॉलेजातली जरा पटेल अशी शाखा टाकली. वाटलं, तीही लागणार नाही. पण देवाची कृपा बघा.”

“देवाला ओटीपी कोणी दिला?”

अर्ज बदलायला ओटीपी लागतो. तो त्यांच्याच मोबाइलवर येत होता.

त्या शाखेचं नाव मी लिहीत नाही. तिथले शिक्षक चांगले असतील, त्यांचा काही दोष नाही. एवढंच सांगते, की त्या शाखेचं नाव ऐकल्यावर माणूस आधी “अरे वा” म्हणतो आणि मग “म्हणजे नेमकं काय असतं त्यात?” विचारतो. पुलाशी तिचा काही संबंध नाही. शोभा खोटी वाटू नये म्हणून या माणसानं ती खरी करून ठेवली. माझ्या इतक्या वर्षांत ही चूक कोणी केली नव्हती. ती करायला विशेष हुशारी लागते.

मी फोनवर काय बोलले ते इथे छापण्यासारखं नाही. पण वाट पूर्ण बंद झाली नव्हती. लागलेली जागा सोडायची, घरी बसायचं, आणि सगळ्या फेऱ्या संपल्या की कॉलेजं उरलेल्या जागा स्वतः भरतात तेव्हा अर्ज करायचा. धोका असतो. हातातली सोडली आणि तिथे उरलीच नाही, तर दोन्हीकडून गेलं. म्हणून मी दुसऱ्याच दिवशी भोईर सरांकडे जाऊन बसले.

“सर, सिव्हिलची एक जागा धरून ठेवा.”

“रुमाल टाकायला ती एसटीची सीट आहे का मॅडम? फेऱ्या संपल्या की यादी लागेल. मुलीनं अर्ज करायचा, गुणांप्रमाणे मिळेल.”

“पण उरतील ना?”

“सिव्हिलला?” सर खिडकीबाहेर बघत म्हणाले. “पहिल्या दिवशी मी मुलांना पुढच्या बाकांवर बसवतो. मागचे रिकामे दिसू नयेत म्हणून.”

“मग शब्द द्या.”

“शब्द देणार नाही. नियमात येईल ते करीन.”

मी उठले आणि दाराकडे चालायला लागले. जांभळी नाक्याला हे हमखास चालतं, विकणारा मागून हाक मारतो. सरांनीही मारली. “मॅडम, छत्री राहिली.” मी छत्री घ्यायला परत आले. तेव्हा ते म्हणाले, “क्यूब फोडणारी तीच ना मुलगी? त्या आकड्याची मुलं आमच्याकडे उरलेल्या जागांवर येत नाहीत. ती आली तर यादीत पहिली असेल. एवढं मी न विचारता सांगतो.” मला तेवढं पुरे होतं.

तिथून थेट परचुऱ्यांच्या घरी. दार उघडं, आत साडू आणि मेहुणी बसलेले, टीपॉयवर पेढ्यांचा खोका. मुक्ता खिडकीशी उभी होती. माझ्या हातात पेढा आला. मी तो हातातच ठेवून सगळं सांगितलं, उरलेल्या जागांचं, भोईर सर काय म्हणाले त्याचं. मुक्ता खिडकीपासून पुढे आली.

परचुरे म्हणाले, “एवढं नाव असलेलं कॉलेज सोडायचं? लोक काय म्हणतील?”

“लोक म्हणतील, मिळत होतं, सोडलं. साहेब, अख्खी डोंबिवली हे वाक्य खोटं बोलते. तुम्हाला एकट्याला ते खरं बोलायची संधी आली आहे.”

साडू हसले, आणि तिथेच माझं चुकलं. साडूसमोर माणसाला हसू नये. परचुऱ्यांचा चेहरा बँकेतल्यासारखा झाला. ते मुक्ताकडे वळले आणि अगदी शांतपणे म्हणाले, “हे बघ बाळा, क्रम मॅडमनी लावला होता. आपण त्यांच्यावर विश्वास टाकला. आता लागलंय ते चांगलंच आहे. तेही बदला म्हणतात, उद्या अजून काही म्हणतील. किती वेळा ऐकायचं?”

वहिनी पेढ्यांच्या खोक्याचं झाकण लावत बसल्या. त्यांना खरं माहीत होतं, मला त्यांच्या खाली घातलेल्या मानेवरून कळलं.

मी ओरडले. ओटीपीचं काढलं, फोनवर त्यांनीच कबूल केलं होतं ते काढलं, बँकेचंही काढलं, जे काढायला नको होतं. पेढा खोक्यात परत टाकला. आणि हे सगळं चालू असताना मला मुक्ताचा चेहरा दिसत होता. रागावलेला माणूस खोटा वाटतो आणि शांत माणूस खरा. परचुरे शांत होते. ती मागे सरकून पुन्हा खिडकीशी गेली.

मुक्तानं ते मोठ्या नावाचं कॉलेज घेतलं. भोईर सरांच्या सिव्हिलला, नेहमीप्रमाणे, जागा उरल्या. तिचा नंबर माझ्याकडे नव्हता, सगळं बापाच्या मोबाइलवर. परचुऱ्यांनी मला ब्लॉक केलं आणि सोसायटीत ते सांगत फिरले की मॅडमनी थोडा घोळ घातला होता, पण आम्ही निभावून नेलं. पुढच्या जूनमध्ये माझ्याकडे यायची ठरलेली त्यांच्याच इमारतीतली तीन घरं आता दुसरीकडे चौकशी करतात. ते मी सहन केलं असतं. गिऱ्हाईक जातं, येतं.

पण आता नवरात्रात टेंभी नाक्याच्या देवीला गेले होते. रांगेत मागून हाक आली, “काकू, ओळखलंत?” मुक्ता, कॉलेजच्या दोन मैत्रिणींबरोबर.

“तुला कशी नाही ओळखणार? कसं चाललंय?”

“चाललंय.”

“कळतंय का वर्गात?”

“पास होईन.”

मी तिला बाजूला घेतलं आणि सांगितलं की पहिल्या वर्षाचे विषय बहुतेक शाखांना सारखेच असतात. ते नीट पास झालं तर दुसऱ्या वर्षी, जागा रिकामी असेल तिथे, कॉलेज आणि शाखा बदलून मागता येते. कटकट आहे, दोन्ही कॉलेजांचे कागद लागतात, पण होतं. भोईर सरांकडे जागा असणार. मी स्वतः येईन सोबत.

तिनं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, “राग मानू नका काकू, पण तुमच्या सांगण्यावरून परत नको. एकदा झालं ना.” आणि पुढे, “एक विचारू? शेवटच्या दिवशी तुम्ही ती पहिली ओळ का बदललीत?”

“मी बदलली असं कोण म्हणालं?”

“बाबा. पण ते म्हणाले, मॅडमवर राग धरू नकोस. माणसाकडून चूक होते.”

म्हणजे त्यांनी मला माफ केलं होतं. माझ्या धंद्यात मला आजवर कोणी माफ केलेलं नाही. पहिल्यांदा केलं ते मी न केलेल्या गोष्टीसाठी.

“मुक्ता, मी नाही बदलली,” मी म्हटलं. ओरडून नाही, माझ्या मानाने अगदी हळू.

“असू दे काकू,” ती म्हणाली. माझा हात दाबला, अगदी प्रेमानं, जसा आजारी माणसाचा दाबतात. रांग पुढे सरकली, मैत्रिणींनी तिला ओढलं.

संपादकांनी अंक छापखान्यात जाता जाता हा लेख घेतला. त्यांना वाटतंय मी कॉलेजं कशी शोधायची ते लिहिलं आहे. लिहिलंय तेही. दुपारी जा, यंत्रांवरचे डाग बघा, उलट्या दिशेला जायला लाजू नका. चांगली कॉलेजं आहेत आणि मिळतात. मुलीला आवडेल असं कॉलेज मी तिला शोधून दिलं होतं, आणि ते अजून तिथेच आहे, रिकाम्या बाकांसकट.

परचुरे साहेब, तुम्ही मला ज्यासाठी माफ केलंत ती चूक तुमची होती. इमारतीतल्या लोकांना काय सांगायचं ते सांगा, मी ते तुमच्याकडे मागत नाही. पण ती मुलगी एका खोट्यावर विश्वास ठेवून चांगली वाट सोडते आहे, आणि ते खोटं तुमचं आहे. मी सांगून झालं, तिला पटत नाही. वहिनी सांगणार नाहीत. उरलात तुम्ही. तिची वार्षिक परीक्षा झाली की अर्ज करायला फार थोडे दिवस मिळतात, आणि त्या दिवसांत ती माझ्याकडे येणार नाही, कारण तुम्ही तिला तसं शिकवून ठेवलंय. सगळं कळल्यावरही तिला आहे तिथेच राहायचं असेल तर खुशाल राहू दे, मी एक शब्द बोलणार नाही. पण तिला समोर बसवा, टीव्ही बंद करा, साडूंना त्या दिवशी बोलावू नका, आणि तिनं मला जे विचारलं त्याचं उत्तर तुम्ही द्या. पहिली ओळ कोणी बदलली?